थॉमसरावांचे दोन धैवत

अण्णा, तुमचे कान गेले नव्हते.

हे मला तुमच्या तेराव्यालाच म्हणायला हवं होतं. राजाजीनगरच्या तुमच्या घरापुढे मांडव होता, शेवटची पंगत उठली होती, मी पाण्याचा जग घेऊन फिरत होतो. होसकोट्याहून आलेले कृष्णोजीराव हात धुता धुता चार जणांना सांगत होते, "हात सोन्याचा होता हो अण्णांचा. पेटी उघडावी तर त्यांनीच. पण शेवटी कान गेले. वयापुढे कोण काय करणार?" चौघांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला तेव्हा ते खरं वाटत होतं.

त्याला पाच आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लेख हवा होता, तेव्हा तुमच्या पत्नी, आपल्या सगळ्यांच्या अक्का, म्हणाल्या, "संतोषला सांगा, तो शिकलेला आहे." हेच ते. शिकलेला आहे. मी वही उघडून बसलो आणि लक्षात आलं, की अशा लेखात जे लिहितात त्यातलं काहीही मला लिहिता येणार नाही. तुम्ही प्रेमळ होता, मितभाषी होता, हे सगळं खरं आहे. पण मला तुमच्यावर राग आला आहे. इतका, की सकाळी दात घासताना मी आरशात तुमच्याशी भांडतो. म्हणून हा लेख तुमच्यावर नाही. तुम्हाला आहे.

मी निपाणीहून आलो, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचात. आई विड्या वळायची, बाबा तंबाखूच्या वखारीत हमाल होते, दहावीच्या पुढे गेलेला घरात मी पहिला. नोकरी सर्जापूर रोडला लागली. कंपनीतले पुण्याचे मित्र तिकडेच राहायचे, आणि मला म्हणायचे, "तू रोज तीन तास बसमध्ये घालवतोस, वेडा आहेस का?" मी राजाजीनगरला राहिलो, कारण खोली बघायला आलो तेव्हा दार उघडून तुम्ही कन्नडमध्ये नाव विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "मराठी का? बा, बा, आत बस. अक्का, कॉफी." तुमचं मराठी मला अर्धं कळलं. पण या शहरात मला ‘बस’ म्हणणारे तुम्ही पहिले. ते मी विसरलो नाही, आणि रागाच्या भरात सुद्धा विसरणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. इंजिनियरिंगचा निकाल लागला त्या दिवसापासून बाबा मला रागावले नाहीत. आधी चांगले रागवायचे, कधी हातही उचलायचे. निकालानंतर बंद. एकदा त्यांना कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि मी गडबडीत चिकोडीच्या बसमध्ये चढलो. बाबांनी पाटी वाचली होती. बस भलत्या रस्त्याला लागली तेही त्यांना दिसत होतं. चिकोडीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "मला वाटलं, तुला दुसरा रस्ता माहीत असेल." आईचंही तसंच. घरात माझा शब्द शेवटचा झाला, आणि मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मला काही कळत नव्हतं, अण्णा. मी चुकत होतो आणि सगळे माझ्या मागून चालत होते.

मग मी तुमच्याकडे आलो. पुढच्या खोलीत तुमचा पाट, समोर दुरुस्तीला आलेल्या हार्मोनियमच्या पेट्या, आणि तुम्ही सगळ्यांना झापायचात. हे बघून मला किती बरं वाटलं होतं, तुम्हाला कल्पना नाही. कृष्णोजीराव त्यांच्या भजनाची पेटी घेऊन आले की तुम्ही ती उघडून त्यांच्या नाकाखाली धरायचात. "कृष्णोजी, ही पेटी आहे का रेशनची गोणी? आत झुरळांचं लग्न लागलंय!" ते म्हणायचे, "प्रसादाचे चार दाणे पडले असतील, अण्णा." तुम्ही म्हणायचात, "मग देवालाच सांग सूर लावायला." ते हसायचे आणि पुढच्या वेळी पेटी पुसून आणायचे. मला वाटलं, इथे रविवारी बसलो तर मलाही कोणी असं झापेल. मी बसलो. सात वर्षं बसलो. चामडं कापायला शिकलो, भात्याची घडी चिकटवायला शिकलो, कानस धरायला शिकलो. पहिल्यांदा एक चांगला सूर मी मोडला. पितळेची पत्ती हातात दोन तुकडे होऊन आली. तुम्ही म्हणालात, "इंजिनेर, स्वल्प हळू."

तेवढंच. मला ‘स्वल्प हळू’ आणि कृष्णोजीरावांना झुरळांचं लग्न. तेव्हा मला वाटलं, माझं नशीब. आता वाटतं, तिथेच उठून निघून जायला हवं होतं.

डॉरीन मॅडमची पेटी आली त्या दिवशी तुम्ही लहान मुलासारखे झाला होतात. कँटोन्मेंटच्या बाजूला एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, रिक्षातून उतरल्या त्या हातात टोपीचा जुना डबा घेऊन. डब्यात कॉन्सर्टिना. मी असलं वाद्य पहिल्यांदा पाहिलं. सहा कोनांची, दोन हातांत मावणारी पेटी, मधे हिरव्या चामड्याचा भाता, दोन्ही टोकांना शिसवी लाकडाची जाळी आणि त्यातून वर आलेली हाडाची अठ्ठेचाळीस बटणं. त्यांच्या आजोबांची. त्याआधी कुणाची ते माहीत नाही. व्हिक्टोरिया राणी गादीवर असताना लंडनमध्ये बनलेली. जाळीवरच्या कागदी चिठ्ठीवरचं बनवणाऱ्याचं नाव झिजलं होतं, ‘थॉमस’ आणि ‘लंडन’ एवढंच वाचता येत होतं.

"म्हणजे आपले थॉमसराव," तुम्ही म्हणालात.

सहा स्क्रू काढले आणि थॉमसराव आत दिसले. लाकडाच्या प्रत्येक तुकड्यावर एकच आकडा ठोकलेला, म्हणजे हे सगळे एकाच पेटीचे. प्रत्येक सूर म्हणजे पितळेच्या चौकटीत बसवलेली पोलादाची पातळ पत्ती, आणि ती चौकट लाकडातल्या खाचेत नुसती सरकवलेली. तुम्ही नखानं एक बाहेर काढलीत, पुन्हा सरकवलीत, पुन्हा काढलीत. "गोंद नाही. खिळा नाही. नुसत्या मापावर बसलाय रे हा माणूस." मग तुम्ही त्यांच्याशी बोलायलाच लागलात. "थॉमसराव, इथे चामडं दुमडलंत ते कशासाठी हो? हां. सरी, सरी, कळलं." मला विचारलंत, "शाळेत गेले असतील का हे?" मी म्हणालो, माहीत नाही. तुम्हीच उत्तर दिलंत, "नसतील," आणि खूश झालात. तुम्ही स्वतः चौथी पास.

कामाची वाटणी तुम्हीच केलीत. "तू बटणाखालचं चामडं बदल, भात्याला ठिगळं लाव. सूर मी बघतो." का, ते सांगितलं नाहीत. इथूनच माझी तक्रार सुरू होते. एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य तुमच्या मनात होतं, हे मला आता माहीत आहे.

तो रविवार तुम्हाला आठवतो. तुम्ही आणि अक्का लग्नाला गेला होतात. मी एकटाच पाटावर. चामड्याचं काम दुपारीच संपलं, तेव्हा मी एकेक बटण दाबून बघत होतो आणि एक विचित्र गोष्ट दिसली. आपल्या पेटीवर कोमल धैवताला एक काळी पट्टी असते. या पेटीवर त्याला दोन बटणं होती. कोमल गंधारालाही दोन. आणि ती दोन बटणं जवळजवळ एकच सूर बोलत होती. जवळजवळ. एक थोडा खाली, एक थोडा वर. मी फोनवरचं सूर मोजायचं अ‍ॅप लावलं. दोन्ही लाल, म्हणजे बेसूर. मी विचार केला, बोटांच्या सोयीसाठी थॉमसरावांनी एक सूर दोनदा दिला असणार, आणि दीडशे वर्षांत दोघांची फारकत झाली असणार.

मग मी त्यांची चूक सुधारली. तुम्हीच शिकवलं होतंत, टोकाकडे घासली की पत्ती चढते, मुळाकडे घासली की उतरते. सगळ्या सप्तकांत मिळून अशा सात जोड्या, म्हणजे चौदा बटणं, प्रत्येकाला भाता ओढताना एक पत्ती आणि दाबताना एक, म्हणजे अठ्ठावीस पत्त्या. दिवस मावळेपर्यंत मान वर केली नाही. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. तुम्हाला चकित करायचं होतं. इतकी वर्षं तुमची कॉफी प्यायलो, त्याचं काहीतरी करायचं होतं.

तुम्ही आलात, अंगात लग्नातला कोट. मी दोन बटणं एकामागून एक दाबून दाखवली. "बघा अण्णा, आता दोन्ही सारखे. दोन्ही हिरवे." तुम्ही कोट न काढता पाटाच्या कडेला बसलात. पेटी हातात घेतलीत. एक बटण. दुसरं. मग तीन-तीन एकत्र. मग डोळे मिटून पुन्हा. मी शेजारी उभा, शाबासकीची वाट बघत. बऱ्याच वेळानं म्हणालात,

"सरी. हात धू. अक्कानं चिरोटी आणलीये."

आणि मी चिरोटी खाल्ली, अण्णा. दोन खाल्ल्या. अक्कांनी वर बदामाचं दूध घातलं, तेही प्यायलो.

पेटी मॅडमकडे गेली आणि आठ दिवसांत परत आली. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून काहीतरी चुकलं. कान फसले." मला वाटलं, मी लावलेले सोडून बाकीच्या सुरांत तुमचं काही राहिलं असेल. आणि ही गोष्ट तुम्ही फक्त मला सांगितली नाहीत. मॅडमना सांगितलीत. कृष्णोजीराव पेटी घेऊन आले तेव्हा त्यांच्यासमोरही म्हणालात, "आता वय झालं रे, कान फसतात." ते नुसतं बोलण्यात आलं असेल. पण कृष्णोजीरावांनी ते होसकोट्याला सांगितलं, तिथून ते शहरातल्या सगळ्या भजनी मंडळांत गेलं. पुढचा दसरा आला तेव्हा तुमच्यासमोर दोनच पेट्या होत्या. आदल्या वर्षापर्यंत दसऱ्याला पाय ठेवायला जागा नसायची.

आणि मी? मी तुमची कीव केली. हेही लिहितो. तुम्ही लावलेले सूर मी तुमच्यामागे फोनवर तपासायला लागलो. ते बरोबर निघायचे, तरी मला वाटायचं, आज नशिबानं बरोबर आले. मी तुमच्याशी मोठ्यानं बोलायला लागलो. ‘अण्णा, कॉफी झाली का?’ इतकं सुद्धा ओरडून. तुम्ही कपाळाला आठी घालायचात. मग मी ऑनलाइन कानाचं यंत्र मागवलं. माझ्या हातानं तुमच्या कानात बसवलं, आणि विचारलं, "आता बरं येतंय ना ऐकू?"

तुम्ही म्हणालात, "हो रे. छान."

तुम्ही ते यंत्र घालून वर्षभर माझ्यासमोर बसलात! कसं जमलं हो तुम्हाला? गरज नसताना कानात शिट्टी मारणारं ते प्लास्टिक? कुठल्या मातीचा माणूस असं करतो? मी विचारायचो, तुम्ही मान हलवायचात, आणि माझ्या मनात यायचं, मी किती काळजी घेतो अण्णांची.

आपलं शेवटचं भांडण, जर त्याला भांडण म्हणायचं, ते पण याच्यावरच. मी म्हणालो, आता फोन वापरा, कानावर विसंबू नका. तुम्ही म्हणालात, "फोनला काय माहीत, शेजारी कोणता सूर बसलाय?" मी म्हणालो, अण्णा, सूर म्हणजे कंपनं, कंपनं मोजता येतात, हे विज्ञान आहे. तुम्ही म्हणालात, "असेल. तू शिकलेला." आणि कानस उचललीत. मी जिंकलो असं समजून वर माझ्या खोलीत गेलो. त्यानंतर महिन्याभरात, एका मंगळवारी सकाळी, मी ऑफिसच्या बसमध्ये असताना अक्कांचा फोन आला.

तेराव्यानंतर आठवड्यानं अक्कांनी कॉन्सर्टिनाचा डबा माझ्या हातात दिला. "मॅडमची वस्तू मॅडमना पोचव." मी गेलो. त्यांनी चहा केला, ‘मिस्टर रावां’ची, म्हणजे तुमची, चौकशी केली, पेटी काढून मांडीवर घेतली. आमचं बोलणं इंग्रजीत, मधूनच त्यांचं कँटोन्मेंटचं हिंदी. त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे, यात काय बिघडलं होतं? याच्यात दोन सूर असे होते, जे एक वाटायचे पण एक नव्हते. आजोबा काही प्रार्थनांना एक वापरायचे, काहींना दुसरा. जुन्या काळी सूर तसे लावत, म्हणून बनवणाऱ्यानं दोन बटणं दिली होती. दोन्ही आपापल्या सोबत्यांत अगदी शांत बसायचे. मी लहान असताना आजोबा मला डोळे मिटायला लावून विचारायचे, यातलं कुठलं? तुमच्या मिस्टर रावांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला फोन करून म्हणाले, हा बनवणारा माणूस भेटला असता तर मी पाया पडलो असतो. आणि मग त्यांनीच दोन्ही एक करून टाकले. मी विचारलं, हे काय झालं? म्हणाले, वय झालं मॅडम, कान फसले. पेटी माझ्याकडे असू द्या, जसे होते तसे परत करतो."

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला नाही, उचललाही नाही.

त्यांनी खालच्या सप्तकातली दोन बटणं दाबली. थांबल्या. पुन्हा दाबली. "अरे! हे परत आलेत." मग पुढची. "हेही." चौदा बटणांच्या सात जोड्यांपैकी तीन वेगळ्या झाल्या होत्या. चार अजून माझ्याच होत्या, सारख्या आणि हिरव्या. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "हे त्यांनी शेवटच्या दिवसांत केलं? फसलेल्या कानांनी? हे तर कुणालाच जमणार नाही."

मी चहा संपवला, बिस्किटं खाल्ली, त्यांना नमस्कार करून जिना उतरलो.

घरी येऊन अक्कांना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू ऑफिसला गेलास की काढायचे ती पेटी. एका सुराला दोन-दोन आठवडे. म्हणायचे, संतोषनं पोलाद घासलंय, आता आणखी फार घासता येत नाही, जपून करायला हवं. तू यायच्या वेळेला आत ठेवायचे. कानातलं ते यंत्रही तेव्हाच घालायचे. तुझी पावलं जिन्यावर वाजली की."

"अक्का, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"शपथ घातली होती. म्हणायचे, त्या पोरानं एवढ्या हौसेनं केलंय. एवढा शिकलेला. चौथी पास माणसानं त्याला काय सांगायचं?"

अण्णा, इथे माझा राग उकळतो. हे कुठे लिहून ठेवलंय, की चौथी पास माणसानं इंजिनियरला चूक म्हणायचं नाही? तुम्ही थॉमसरावांच्या शाळेची चौकशी केलीत आणि ते शाळेत गेले नसतील म्हणून खूश झालात. त्यांच्या कानाला तुम्ही पाया पडायला निघालात. मग स्वतःच्या कानाची किंमत माझ्या एका कागदापेक्षा कमी कशी केलीत? माझ्या घरच्यांनी हेच केलं. त्यांना मी समजून घेतलं, त्यांना माझं काम कळत नाही. तुम्हाला तर कळत होतं. माझ्यापेक्षा हजारपट कळत होतं. या सगळ्या शहरात मला ‘चुकलास’ म्हणायचा अधिकार असलेला एकच माणूस होता, आणि तो कोट न काढता पाटावर बसला आणि मला चिरोटी दिली.

तुम्हाला वाटलं, तुम्ही मला जपलंत. नाही जपलंत. मला दीड वर्ष मूर्ख ठेवलंत. तुमचे सूर फोनवर तपासणारा, तुमच्या कानात ओरडणारा मूर्ख. त्या एका संध्याकाळी जर म्हणाला असतात, "गाढवा, हे काय केलंस?", तर मी रडलो असतो. रात्रभर झोपलो नसतो. आणि सकाळी उठून तुमच्या शेजारी बसून एकेक पत्ती कशी परत आणायची ते शिकलो असतो. ते दीड वर्ष आपलं असतं. तुम्ही ते एकट्यानं, चोरून, मंगळवारी-बुधवारी संपवलंत. मी विज्ञान शिकवत होतो तेव्हा तुमच्या पाटाखालच्या डब्यात उत्तर पडलेलं होतं. ते काढून माझ्या तोंडावर मारायचं होतं, अण्णा.

आणि मी तुमच्यापेक्षा बरा आहे असं नाही. मीही मॅडमच्या घरातून गप्प उठून आलो. म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. दारातच सांगितलं, आत जायच्या आधी, म्हणजे पुन्हा चहा पिऊन पळता येणार नाही.

त्या बाईंनी मला दारात उभं केलं आणि जे काही सुनावलं! "तू माझ्या आजोबांच्या पेटीला टेलिफोन लावून कानस चालवलीस? आणि त्या माणसाला बहिरा ठरवलंस? आणि मागच्या आठवड्यात इथे बसून माझा चहा प्यायलास? सहा बिस्किटं खाल्लीस!" त्यांनी मोजली होती. खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघायला आल्या. मॅडम थांबल्या नाहीत. मी मान खाली घालून उभा होतो, कान तापले होते, आणि, तुम्हाला हे कळावं म्हणून लिहितो, माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं. बाबांनंतर मला असं कोणी बोललं नव्हतं.

मी विचारलं, उरलेल्या चार जोड्या मी परत लावू का? त्या म्हणाल्या, "तू? तू पेटीला हात लावायचा नाहीस. बस इथे. डोळे मिट." त्यांनी एक बटण दाबलं. मग दुसरं. "कुठलं खालचं?" मी सांगितलं. चूक. "पुन्हा." चूक. "पुन्हा." मग त्यांनी प्रत्येकाबरोबर त्याचे दोन सोबती वाजवले. तुम्ही परत आणलेल्या जोडीत तीन सूर एकमेकांत बसले आणि हललेच नाहीत. माझ्या जोडीत ते थरथरत होते, उकळत्या दुधावरच्या सायीसारखे. मला ऐकू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा मला ऐकू आलं, तुम्ही काय ऐकत होतात ते. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. वीसपैकी वीस आले तर बघू." काल माझे अकरा आले. आठवडाभर घरी सराव करायला पेटी नाही, त्या देत नाहीत. बरोबर करतात.

पण मॅडमना सांगून तुमचं नाव परत येत नव्हतं. ते गेलं होतं होसकोट्याला. म्हणून मागच्या रविवारी बसनं होसकोटे गाठलं. कृष्णोजीराव कारखान्याची ड्यूटी करून नुकतेच आले होते. मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "माझी पेटी मी दुसऱ्या दुकानात दिली. त्यांनी जुने सूर काढून टाकले, नवे घातले. आता ती माझ्या आवाजाला ओळखत नाही. अण्णांच्या गल्लीवरून जायचो रे मी. आत गेलो नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून." मला वाटलं, आता ते माझ्या थोबाडीत मारतील. पण ते तुमच्यावर चिडले. "अरे, मला झुरळांवरून शिव्या घालणारा माणूस हा! मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? पोरानं चूक केली, मी सावरतोय, एवढंच! मी काय वर्तमानपत्रात छापणार होतो?" मग स्वतःच गप्प झाले. कारण त्यांनी जवळजवळ तेच केलं होतं.

"मला एकट्याला सांगून काय उपयोग," ते उठत म्हणाले. "अख्ख्या मंडळाला मी सांगितलंय. चल. आता तू सांग."

भजन सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला देवळात सगळ्यांसमोर उभं केलं. पंचवीस-तीस माणसं होती, बायका एका बाजूला, टाळ हातात घेऊन तयार. माझं कन्नड तुम्हाला माहीत आहे. मी मोडक्या कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणालो, "राजाजीनगरच्या अण्णांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. चूक मी केली होती. त्यांनी ती स्वतःवर घेतली आणि लपून दुरुस्त करत होते. ज्यांनी त्यांच्याकडे पेट्या न्यायच्या थांबवल्या, त्यांनी माझ्यामुळे थांबवल्या."

 मग पुढे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मग अण्णांनी तुला सांगितलं का नाही रे, बाळा?"

"कारण मी इंजिनियर आहे, आजी," मी म्हणालो.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग त्याच्या शेजारचा, मग आजीही. त्यांना वाटलं, मी वातावरण हलकं करायला बोललो. अण्णा, मी विनोद केला नव्हता.